मोठ्यांची बोबडी : ‘फॉक्स इन सॉक्स’ आणि जिभेला गाठ पाडणाऱ्या चित्रपुस्तकांचे आकर्षण

प्रास्ताविक

मराठीत ‘बोबडी वळणे’ हा वाक्प्रचार भीतीशी जोडलेला आहे, तर ‘बोबडे बोल’ हा शब्दप्रयोग कौतुकाशी. जीभ तीच, अडखळणेही तेच. परंतु एका ठिकाणी अडखळणारा घाबरलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो लाडका असतो. बाळकाच्या बोबड्या बोलांनी माउली रिझते, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या वाचकांना परिचित आहे. या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट मात्र समान राहते. अडखळणारा नेहमी लहान किंवा दुबळा असतो आणि ऐकणारा, हसणारा किंवा रागावणारा मोठा असतो. मोठ्याची जीभ अडखळावी आणि ती अडखळताना पाहून लहानाने हसावे, अशी तिसरी शक्यता आपल्या घरांत व शाळांत क्वचितच उद्भवते. ज्यांना इंग्रजीत ‘टंग ट्विस्टर’ म्हणतात आणि मराठीत ज्यांना सर्वमान्य असे एक नाव नाही, त्या वाक्यांवर रचलेली यमकयुक्त चित्रपुस्तके ही तिसरी शक्यता प्रत्यक्षात आणतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अशा पुस्तकांच्या लोकप्रियतेची मीमांसा सामान्यतः दोन प्रकारे केली जाते. पहिली अशी की, मुलांना अर्थापेक्षा नाद अधिक प्रिय असतो; म्हणून अर्थहीन बडबड त्यांना आवडते. दुसरी अशी की, या पुस्तकांनी उच्चार सुधारतो व शब्दसंग्रह वाढतो, म्हणून पालक ती विकत घेतात. पहिली मीमांसा मुलाला कमी लेखते आणि दुसरी पुस्तकाला. शिवाय नाद तर अंगाईगीतातही असतो. तेथे जीभ अडखळत नाही आणि कोणी हसतही नाही. नादाच्या आनंदापलीकडचे असे काही या पुस्तकांत असले पाहिजे. ते काय आहे, हे पाहण्यासाठी येथे एकच पुस्तक जवळून वाचण्याचे योजिले आहे. ते म्हणजे डॉ. स्यूस या नावाने लिहिणारे अमेरिकन लेखक-चित्रकार थिओडोर स्यूस गायझेल (१९०४-१९९१) यांचे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फॉक्स इन सॉक्स’.

आरंभीच एक खुलासा करणे उचित ठरेल. गायझेल यांच्या समग्र निर्मितीची भलावण करण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्या सहा पुस्तकांतील काही चित्रे अन्य वंशांच्या लोकांचे हीन चित्रण करणारी असल्याने त्यांचे प्रकाशन यापुढे करावयाचे नाही, असे त्यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२१ मध्ये जाहीर केले. ‘फॉक्स इन सॉक्स’ त्या सहांत नाही. तथापि, कोणाला हसावे आणि कोणी हसावे, हा प्रश्न बालसाहित्यात निरुपद्रवी नसतो, एवढे त्या निर्णयावरून ध्यानात येते आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

उच्चाराच्या धड्यापासून कोल्ह्याच्या खोडीपर्यंत

टंग ट्विस्टरचे सचित्र पुस्तक ही गायझेल यांची कल्पना नव्हे. १८१३ मध्ये लंडनमध्ये ‘पीटर पायपर्स प्रॅक्टिकल प्रिन्सिपल्स ऑफ प्लेन अँड परफेक्ट प्रनन्सिएशन’ या नावाचे एक बालपुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजी वर्णमालेतील जवळजवळ प्रत्येक अक्षरासाठी त्यात एकेक वाक्यबंध आणि चित्र आहे. नावातच उच्चाराच्या ‘व्यावहारिक तत्त्वां’चा दावा केलेला असून ते नावही एकाच अक्षराने भरलेले आहे. हा दावा गंभीर म्हणून घ्यावा की व्याकरणाच्या पुस्तकांची थट्टा म्हणून, हे ठरविणे कठीण जाते. या प्रकाराच्या जन्मापासूनच त्यात शिकविणे आणि शिकविण्याची टवाळी करणे या दोन प्रवृत्ती एकत्र नांदत आल्या आहेत, एवढे मात्र निश्चित.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत या दोन प्रवृत्तींचे नाते पुन्हा एकदा तपासले गेले. १९५४ मध्ये जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ नियतकालिकात शालेय वाचनपाठांच्या नीरसतेवर टीका केली आणि चांगल्या चित्रकारांना या कामी का लावू नये, असे विचारताना गायझेल यांचेही नाव घेतले. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचे ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ हे पुस्तक आले. संपूर्ण शब्दाचे चित्र डोळ्यांनी ओळखावयास लावणारी वाचनपद्धती सोडून अक्षर व ध्वनी यांचा संबंध शिकवावा, असा त्यांचा आग्रह होता. या वादाच्या पार्श्वभूमीवर अवघ्या २३६ भिन्न शब्दांत बांधलेले ‘द कॅट इन द हॅट’ १९५७ मध्ये प्रकाशित झाले आणि त्याच्या यशातून ‘बिगिनर बुक्स’ ही मालिका उभी राहिली. पन्नास शब्दांचे ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ (१९६०) आणि ‘हॉप ऑन पॉप’ (१९६३) ही याच मालिकेतील पुस्तके होत. मुलाने ही पुस्तके कोणाच्याही मदतीवाचून, आपली आपण वाचावीत, हे मालिकेचे ब्रीद होते.

‘फॉक्स इन सॉक्स’ याच मालिकेत आले. येथे एक विसंगती आहे आणि ती लेखकाला ठाऊक असावी असे वाटते. मालिका म्हणते, एकट्याने वाचा. हे पुस्तक मात्र मुखपृष्ठापासूनच मोठ्याने वाचण्याची मागणी करते. हा कोल्हा लबाड आहे, तो तुमच्या जिभेला अडचणीत आणील, तेव्हा पहिल्या वाचनात घाई करू नका, अशा आशयाचा इशारा ते वाचकाला देते. मोठ्याने वाचावयाचे म्हणजे कोणी ऐकणारा हवा. एकट्याने वाचण्याच्या मालिकेतील हे पुस्तक अशा रीतीने दोघांचे होऊन बसते.

पुस्तकाची घडण

पुस्तकात म्हणावे असे कथानक नाही. मोजे घातलेला एक कोल्हा आणि नॉक्स नावाचा एक केसाळ, सोशिक प्राणी अशी दोनच मुख्य पात्रे आहेत. कोल्हा एकेक वस्तू आणतो, एकेक वाक्य रचतो आणि नॉक्सने ते म्हणावे असा आग्रह धरतो. प्रारंभी कोल्हा, मोजे, खोका आणि नॉक्स एवढाच ऐवज असतो. पुढे विटा येतात, ठोकळे येतात, कोंबडीची पिले येतात, घड्याळे येतात. नंतर शिवणकाम, चिकट खाऊ, झाडू, बँडबाजा, तळे चाटणारे बदक, चीज लागलेली झाडे आणि उडत्या पिसवा. नॉक्स मधूनमधून कुरकुरतो, आपली जीभ रबराची नाही असे सांगतो आणि कोल्हा थोडे सोपे करून देण्याचा बहाणा करीत आणखी अवघड वाक्य पुढे ठेवतो.

मराठी वाचकाला नॉक्सच्या या तक्रारीची विशेष गंमत वाटावी. आपण ‘जिभेला हाड नाही’ असे म्हणतो ते वाटेल ते बोलणाऱ्याला दोष देण्यासाठी. नॉक्सची अडचण नेमकी उलट आहे : त्याची जीभ हवी तशी वळत नाही. आणि तरीही ही तक्रार तो ज्या शब्दांत करतो, ते शब्दही यमकात आणि अनुप्रासात गुंफलेले आहेत. जे आपल्याला जमत नाही असे तो सांगतो, तेच सांगताना तो करून दाखवीत असतो. अखेरीस त्याच्या हातून जे घडते, त्याची तयारी अशी फार आधीपासून झालेली आहे.

चित्रे येथे केवळ सजावट नाहीत. पुस्तकाला अर्थहीन म्हणणाऱ्यांनी चित्रे पाहिलेली नसावीत. वाक्यात वाढलेले प्रत्येक नाम चित्रात वस्तू म्हणून हजर होते. ठोकळ्यांवर पिले म्हटले की ठोकळ्यांवर पिले दिसतात. त्यांवर घड्याळे म्हटले की घड्याळे येऊन बसतात आणि मनोरा डळमळू लागतो. कानाला जो गुंता वाटतो तो डोळ्याला पूर्णतः स्पष्ट असतो. वाचता न येणारे मूल पुस्तकाच्या या बाजूने बसलेले असते. मोठा माणूस अक्षरांच्या बाजूने झगडत असताना, त्याला काय म्हणावयाचे आहे हे मुलाला चित्रावरून आधीच कळलेले असते. जो ऐकतो त्याला उत्तर ठाऊक आहे आणि जो वाचतो तो चाचपडतो आहे, अशी ही मांडणी आहे.

या मांडणीची परमावधी भुंगेऱ्यांच्या लढाईच्या प्रसंगात दिसते. भुंगेरे लढतात; मग ते डबक्यात लढतात; मग वल्ह्यांनी; मग ते डबके एका बाटलीत; ती बाटली एका कुत्र्यावर आणि तो कुत्रा शेवया खाण्यात दंग. प्रत्येक टप्प्यावर आधीची सर्व नामे पोटात घेऊन एक नवे, अधिक लांब नाम तयार होते. व्याकरणदृष्ट्या हा तत्पुरुष समासाचा प्रकार आहे. शेवटचे पद प्रधान आणि मागची सारी पदे त्याची विशेषणे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील दीर्घ समासांशी ज्यांनी विद्यार्थिदशेत झुंज दिली असेल, त्यांना हे तंत्र अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच की, बाणाच्या समासाने वाचकाचा श्वास संपतो तो आदराने, आणि गायझेलच्या समासाने संपतो तो हसण्याने. ही वाढ नियमबद्ध आहे, आणि अमुक शब्दानंतर आता काय जोडले जाणार हे मूल दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात ओळखू लागते. ज्याला आपण बाष्कळपणा म्हणतो त्यात असे कडक व्याकरण दडलेले असते.

या पुस्तकाचे शब्द स्वतंत्रपणे पाहिले तर अवघड नाहीत. बहुतेक एक किंवा दोन अवयवांचे, रोजच्या वापरातले आहेत. कठीण असते ते त्यांचे एकमेकांशेजारी येणे. जवळजवळ सारख्या ध्वनींची थोड्या फरकाने पुनरावृत्ती झाली की पुढच्या शब्दाची तयारी आधीच्या शब्दात घुसते आणि स्वरांची वा व्यंजनांची अदलाबदल होते. मनातल्या मनात वाचतानाही अशा वाक्यांवर वाचनाचा वेग मंदावतो, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु या साऱ्याला एक अट आहे : वेग. सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचले तर कोणीही अडखळत नाही.

या अटीतूनच पुस्तकाचे सर्वांत मार्मिक वैशिष्ट्य निष्पन्न होते. नुकते वाचावयास शिकलेले मूल शब्दाखाली बोट ठेवून, एकेक अक्षर लावीत वाचते. त्याची ही संथ गती अन्यत्र उणेपणा मानली जाते. येथे तीच त्याला सुखरूप पैलतीरी नेते. उलट वाचनात मुरलेला मोठा माणूस सवयीने पुढच्या शब्दावर उडी घेतो आणि पडतो. ज्या सफाईचा त्याला अभिमान असतो ती सफाईच त्याला खड्ड्यात घालते. साक्षरतेची नेहमीची उतरंड इथे काही मिनिटांपुरती उलटी होते आणि ती कोणाच्याही कृपेने उलटत नाही. मुलाला आनंद व्हावा म्हणून बापाने हरल्याचे नाटक करणे वेगळे; ते मुलांना लगेच ओळखू येते. या पुस्तकापुढे मोठा माणूस खरोखर हरतो. मुलाच्या हसण्यातला खरा ऐवज हा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्पेलिंगच्या बाबतीतही अशीच एक खोडी आहे. इंग्रजीत फॉक्स, बॉक्स, नॉक्स यांचा शेवट ‘एक्स’ या एका अक्षराने होतो. सॉक्स, क्लॉक्स, ब्लॉक्स यांचा तीन अक्षरांनी होतो. कानाला दोन्ही गट एकच आहेत. नॉक्सच्या नावातील पहिले अक्षर तर उच्चारलेच जात नाही. वाचनपद्धतीच्या वादात जो मुद्दा फ्लेश यांनी आवेशाने मांडला, तोच येथे एका शब्दाचेही भाष्य न करता कोल्हा व मोजे यांना शेजारी उभे करून मांडला गेला आहे. देवनागरीत लिहिताना ही गंमत नाहीशी होते, कारण आपण दोन्ही ठिकाणी ‘क्स’च लिहितो. मराठीची खोडी वेगळ्या जागी आहे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहावयास एक आणि बोलावयास दोन. ‘ज’ आणि ‘झ’ यांचीही तीच कथा. उच्चाराप्रमाणे लेखन असा आपल्या लिपीचा लौकिक असला, तरी येथे तिचेही पाऊल घसरते, आणि हे प्रथम लक्षात येते ते मराठी नव्याने शिकणाऱ्या परभाषिकाच्या.

मराठी जीभ आणि परीक्षेचा प्रश्न

येथवरचे विवेचन एका अमेरिकन पुस्तकाचे झाले. मराठीत जिभेच्या कसरतीची परंपरा नाही असे नाही. कच्च्या आणि पक्क्या पापडांची जोडी, चटई आणि टाचणी यांची गाठ, काळ्या-गोऱ्या राळ्यांची मिसळ ही वाक्ये आजीच्या तोंडून ऐकली नाहीत असे मराठी बालपण विरळा. त्यांत ‘क’ व ‘प’, ‘ट’ व ‘च’, ‘र’ व ‘ळ’ यांना आलटून पालटून समोरासमोर आणण्याची युक्ती आहे. तंत्राच्या दृष्टीने ती गायझेलच्या युक्तीहून उणी नाही. ही परंपरा मौखिक आहे आणि तिचे एकेक वाक्य एकटे, कथेवाचून उभे असते. छापील बालकवितेने मात्र अन्य मार्ग धरला. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) किंवा ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) यांतील विक्षिप्तपणा कल्पनेत आहे. जग तिरपे होते, पण ओळ सरळ, लयीत, जिभेवरून घरंगळत जाते. मुलाला तेथे विस्मय वाटतो. वाचणाऱ्या मोठ्याची मात्र तेथे फजिती होत नाही. उलट तो चांगला वाचक ठरतो. हा दोष नव्हे. दोन वेगळी सुखे आहेत, एवढेच.

मौखिक परंपरेतील ही वाक्ये पुढे शाळेत गेली आणि तेथे त्यांचे काय झाले, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. घरात पापडांचे वाक्य सर्वांनी म्हणावयाचे असते. आजीसुद्धा चुकते आणि पदर तोंडाला लावून हसते. शाळेत ते शुद्ध उच्चाराचे साधन झाले. म्हणावयाचे विद्यार्थ्याने, ऐकावयाचे शिक्षकाने. खेळाचे नियम तसेच राहिले, परंतु चुकण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे उरला.

प्रस्तुत लेखकाच्या प्राथमिक शाळेतील एक प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. वर्गातील एक मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असे. त्याच्या घरी, गल्लीत सगळेच तसे म्हणत. एके दिवशी त्याला फळ्यापुढे उभे करून ‘ण’ने भरलेले एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावयास लावले गेले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्याची अक्षरशः बोबडी वळली. त्यानंतर प्रकट वाचनासाठी त्याने हात वर केल्याचे आठवत नाही. वाक्य म्हणून ते वाक्य मजेदारच होते.

‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद मराठीत केवळ ध्वनीचा भेद राहिलेला नाही. तो जातीचा, प्रदेशाचा आणि शिक्षणाचा दाखला झालेला आहे. ‘श’ आणि ‘स’ यांचेही तसेच. या संदर्भात बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील कथा आठवते. यार्देनेच्या उतारावर पळणाऱ्यांना ‘शिब्बोलेथ’ हा शब्द म्हणावयास लावीत. ज्याच्या तोंडून ‘श’ऐवजी ‘स’ निघे तो एफ्राइमी ठरे आणि मारला जाई. बेचाळीस हजार पडले असे तेथे म्हटले आहे. उच्चाराच्या परीक्षेची ही आद्यकथा होय. शिब्बोलेथ आणि टंग ट्विस्टर बाहेरून एकसारखे दिसतात. दोन्हींत एकच आज्ञा असते : हे म्हणून दाखव. भेद असा की, शिब्बोलेथवर ठरावीक माणसेच चुकतात आणि बाकीचे सहज पार होतात. खऱ्या टंग ट्विस्टरवर सगळेच चुकतात. ज्या वाक्यावर शिक्षक अडखळत नाही आणि विद्यार्थीच अडखळतो, त्याला खेळ म्हणता येणार नाही.

या कसोटीवर आपली जुनी वाक्ये तपासून पाहण्याजोगी आहेत. कच्च्या-पक्क्या पापडांचे वाक्य निर्मळ ठरते. त्यातील एकही ध्वनी कोणत्याही बोलीला परका नाही. अवघड आहे ती केवळ त्यांची अदलाबदल. पुण्याचा प्राध्यापक आणि मेळघाटातला गुराखी त्यावर सारखेच आपटतात. राळ्यांच्या वाक्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. खानदेशात व वऱ्हाडात अनेकांच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘काळा’चे ‘काया’, ‘डोळा’चे ‘डोया’ होते. अशा घरातून आलेल्या मुलाला त्या वाक्यात आधी परका ध्वनी पेलावा लागतो आणि मग कसरत. बहिणाबाई चौधरी यांच्या बोलीत ‘ओढाळ’चे ‘वढाय’ होते आणि त्यामुळे मराठी कवितेचे काही बिघडले नाही. उलट ज्या शब्दाने ती ओळखली जाते त्यांपैकी तो एक झाला. त्याच बोलीचे मूल वर्गात ‘ळ’वर अडले की आपण दुरुस्तीला धावतो.

‘फॉक्स इन सॉक्स’ या कसोटीवर कितपत उतरते? बहुतांशी उतरते. भुंगेऱ्यांच्या प्रसंगातील ‘ब’, ‘प’, ‘ट’, ‘ड’, ‘ल’ हे ध्वनी इंग्रजी बोलणाऱ्या कोणत्याही गटाला परके नाहीत. परंतु पिसवांच्या पानावर ‘थ्री’ आणि ‘फ्री’ यांना जे समोरासमोर आणले आहे, तेथे पुस्तक शिब्बोलेथच्या अगदी जवळ जाते. लंडनच्या कामगारवर्गाच्या बोलीत हे दोन शब्द एकसारखेच उच्चारले जातात आणि तसे उच्चारणे असंस्कृतपणाचे लक्षण समजले गेले आहे. लहान मुलांनाही इंग्रजीतील हा दातांमधून निघणारा ध्वनी उशिरा साधतो. मराठी वाचकाची गोष्ट आणखी निराळी. आपण तेथे आपला दंत्य, महाप्राण ‘थ’ वापरतो. तो ‘फ’पासून इतका दूर आहे की, ज्या पानावर इंग्रज अडखळतो तेथून आपण निवांत चालत जातो. परक्या उच्चाराने वाचणाऱ्याला सवलत मिळावी, अशी ही दुर्मीळ जागा आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आपल्या ‘थ’ला सहसा दंडच होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

कोल्होबा आणि नॉक्सराव

या पुस्तकाचे मराठीकरण करावयाचे झाल्यास शब्दांचे भाषांतर निरुपयोगी ठरेल, हे उघड आहे. मोज्यांचे आणि कोल्ह्याचे मराठीत यमक जुळत नाही. तथापि रचना उचलता येईल. इंग्रजीत नामाला नाम चिकटवून जो समास वाढतो, तो मराठीत सामान्यरूपाने आणि प्रत्ययांनी वाढेल : कुत्र्यावरच्या, बाटलीतल्या, डबक्यातल्या अशी ‘वरच्या’ आणि ‘तल्या’ यांची माळ. प्रथमदर्शनी हे प्रत्यय अडथळा वाटतात. परंतु त्या ‘तल्या-तल्या’च्या पुनरावृत्तीत जिभेला गुंतविण्याची स्वतःची एक सोय आहे आणि ती कोणत्याही बोलीची मक्तेदारी नाही. ‘च’च्या दोन उच्चारांची लपंडाव खेळणारी पाने करता येतील. ‘न’-‘ण’चे पान मात्र करू नये. केलेच, तर त्यात कोल्ह्याने अडखळावे.

एक अडचण संबोधनाची येते. मूळ पुस्तकात कोल्हा आणि नॉक्स एकमेकांना सतत ‘सर’ म्हणतात. कोल्ह्याच्या तोंडी हा शब्द खोडसाळ नम्रतेचा आहे. नॉक्सच्या तोंडी तो आरंभी केवळ शिष्टाचाराचा आहे. मराठीत ‘सर’ म्हटले की शाळेतले सर डोळ्यांपुढे येतात आणि सारा खेळ वर्गात जाऊन बसतो. लोककथेने आपल्याला कोल्होबा दिलेला आहे. त्याच्या जोडीला नॉक्सराव आणि दोघांतही ‘अहो-जाहो’ ठेवणे अधिक स्वाभाविक होईल.

शेवटी नॉक्सची सहनशक्ती संपते. भुंगेऱ्यांच्या लढाईचा समास कोल्हा आणखी लांबवू पाहतो तोच नॉक्स त्याला अडवतो, उचलतो आणि त्याच बाटलीत कोंबतो. मग आतापर्यंत एकही वाक्य धड न म्हणता आलेला हा प्राणी सर्व पुस्तकातील सर्वांत लांब समास एका दमात, न अडखळता उच्चारतो. आणि त्या समासाचे शेवटचे, प्रधान पद असतो स्वतः कोल्हा. त्यानंतर खेळ संपल्याचे सांगून तो कोल्ह्याचे आभार मानतो आणि तेव्हाही ‘सर’ म्हणावयास विसरत नाही. मराठी अनुवादकाला येथे थांबून विचार करावा लागेल. बाटलीत उलट्या अडकलेल्या कोल्ह्याला नॉक्सरावांनी ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’? प्रस्तुत लेखकाचे मत ‘अहो’च्या बाजूने आहे.